बाकड्यावरचं शेवाळ

गवत्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बंदरावरच्या होडीवाल्यांनी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं, की बँकेतल्या बाईने खऱ्या नावाने पुकारलं तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कोणाला बोलावताहेत म्हणून. धडधाकट माणसाने ओहोटी लागली की पिशव्या घेऊन खडकांवर उतरावं, मासा नाही, खेकडा नाही, शिंपला नाही, नुसतं शेवाळ कापावं आणि गाडीत घालून न्यावं, हा प्रकार त्यांच्या मते वेडेपणाच्या अलीकडचा होता. "काय गवत्या, म्हैस व्याली का?" कोणीतरी ओरडायचं. "व्याली, पण दूध देत नाही," हा म्हणायचा. वर्षानुवर्षं तोच विनोद आणि तेच उत्तर. दोन्ही बाजूंनी आता त्यात कोणी जीव घालत नव्हतं.

काम साधं होतं. खाडीच्या पलीकडच्या टोकाला अणुवीज केंद्र होतं, त्याचं गरम पाणी समुद्रात जायचं. त्या पाण्याबरोबर नको ते काही जातं का, हे बघायला अलीकडच्या बाजूला पाहणी केंद्र होतं आणि त्या केंद्रात हा नोकर होता. समुद्राच्या पाण्याला विचारून फारसं काही कळत नाही. ते आज इथे तर उद्या तिथे. शेवाळ मात्र एका जागी बसून येणारं-जाणारं सगळं पोटात घेतं. गल्लीच्या तोंडाशी दिवसभर बसणाऱ्या म्हातारीसारखं. कोणाच्या घरात काय चाललंय हे विचारायचं झालं, तर तिलाच विचारावं.

म्हणून ठरलेल्या चार जागा होत्या, ठरलेलं तपकिरी, चामड्याच्या पट्ट्यांसारखं शेवाळ होतं, आणि ते धुवायचं तर समुद्राच्याच पाण्यात, नळाच्या नाही, असा दंडक होता. जागांना कागदावर आकडे होते. याने त्यांना नावं दिली होती. तिसऱ्या जागेचा खडक सपाट आणि बसायला बरा, म्हणून तो बाकडा. गुडघे बोलायला लागल्यापासून तो कापणी झाली की बाकड्यावर थोडा वेळ टेकायचा. केंद्रात नेलं की अर्धं शेवाळ ओलंच चिरून आणि अर्धं भट्टीत वाळवून, दळून डब्यात भरायचं, डबा जाड शिशाच्या पेटीत ठेवायचा, आणि यंत्र रात्रभर मोजत बसायचं. सकाळी निकाल यायचा: विशेष काही नाही. त्याची सगळी नोकरी काही न सापडण्याची होती. असल्या नोकरीत माणूस थकतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पण बसून बघा. रोज दार उघडून घरात चोर नाही हे बघून यायचं, आणि तेही दुसऱ्याच्या घरात.

घरी त्याची बायको पाळणाघर चालवायची. गल्लीतली सगळी तिला मावशी म्हणायची, मुलंही आणि मुलांच्या आयाही. पुढच्या खोलीत छोट्या छोट्या सतरंज्या घातलेल्या, प्रत्येकीवर एकेक कार्टं लोळतंय, एक रडतंय म्हणून दुसरं रडतंय, आणि ही मधोमध बसून एकाला भरवतेय, दुसऱ्याचं नाक पुसतेय. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं पूर्वी रडून घेत, मग रडायचं थांबले, आणि मग तिने पाळणाघर काढलं. गवत्याला पोरांचा कालवा सोसत नसे. तो ओहोटी नसतानाही कधीकधी ओहोटी आहे म्हणून बाहेर पडायचा. पण सुट्टीच्या दिवशी सतरंज्या गुंडाळलेल्या दिसल्या की त्यालाच घर खायला उठायचं.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कॅन्सर. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी ग्रंथी काढली आणि सांगितलं, की हा त्यातल्या त्यात बरा कॅन्सर आहे. बरा कॅन्सर! ती परत येताना गाडीत म्हणाली, "बरा असता तर त्यांनी घरी नेला असता." उरलंसुरलं जाळायला किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस द्यायचा होता. त्याआधी काही आठवडे आयोडीन असलेलं काही खायचं नाही. मासे नाहीत, दूध नाही, साधं मीठही वेगळं. तिचा मोठा भाऊ बाजारात मासे विकायचा आणि दर दोन दिवसांनी बहिणीकडे पिशवी पाठवायचा. ते मासे कुठे जायचे? शेजारची मांजरं त्या महिन्यात अशी फुगली की चालताना पोट जमिनीला लागायचं.

हे सगळं कोणाला सांगायचं नाही, असं तिने शपथ घालून बजावलं होतं. भावालासुद्धा नाही. "कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली करतात," ती म्हणाली, "आणि त्यात किरणं म्हटलं की दार लावतात. माझ्याकडे लेकरं येतात हो. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभराने मी उठेन, सतरंज्या घालेन, कोणाला पत्ता लागायचा नाही." गल्लीत सांगितलं, नणंदेच्या मुलीचं बाळंतपण आहे, तिकडे जातेय. त्याने केंद्रात रजा मागितली तीही त्याच बाळंतपणाच्या नावावर. त्याच्या बहिणीला मुलगी नव्हती, पण ते इथे कोणाला ठाऊक होतं?

इस्पितळाने डोस दिला आणि काही दिवस ठेवून घेऊन तिला घरी सोडलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती चोरासारखी स्वतःच्या घरात शिरली आणि मागच्या खोलीत राहायला लागली. खिडकीला पडदा. खोकायचं ते उशीत. तो दारात ताट ठेवायचा आणि मागे सरकायचा, मग ती ताट उचलायची. दोघांत दोन हातांचं अंतर ठेवा, लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कपडे वेगळे धुवा, संडासात दोनदा पाणी सोडा. तो दारापलीकडून आठवण करायचा, "दोनदा सोडलंस का?"

"सोडलं. तिसऱ्यांदा सोडू? पाणीपट्टी तुम्ही भरणार असाल तर सोडते."

आवाज मात्र थकलेला. ग्रंथी गेलेली, तिच्या बदल्यात घ्यायच्या गोळ्या अजून सुरू न झालेल्या. उठून खिडकीपर्यंत जायलाही तिला बळ गोळा करावं लागायचं. तो रात्री पुढच्या खोलीत गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या शेजारी झोपायचा. लग्नानंतर इतक्या रात्री तो तिच्यापासून वेगळा कधी झोपला नव्हता, आणि भिंतीपलीकडून तिचा श्वास ऐकू यावा म्हणून पंखा बंद ठेवायचा.

रजा संपली. तो कामावर गेला, ओहोटीला उतरला, चारही जागांचं शेवाळ कापून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी त्याला बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्याच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. कामात कडक, पण बोलताना काका म्हणणाऱ्या.

"काका, बाकड्याच्या डब्यात किरणोत्सर्गी आयोडीन आलंय," त्या म्हणाल्या. बाकडा हे नाव त्यांनीही उचललं होतं. "थोडंच आहे, त्याने कोणाचं वाईट होणार नाही. पण आहे."

त्याने पडद्यावर बघितलं. एवढी वर्षं सपाट दिसलेल्या रेघेवर एक बारीक टोक उभं होतं.

"वीज केंद्रातून?"

"तेच तर. तिकडून आलं असतं तर एकटं आलं नसतं, त्याची भावंडं, बाकीची किरणोत्सर्गी द्रव्यं, बरोबर आली असती. इथे नुसतं आयोडीन. हे दवाखान्याचं आहे. थायरॉइडच्या पेशंटला देतात, पेशंटच्या अंगातून सांडपाण्यात जातं, सांडपाणी समुद्रात, आणि शेवाळ ते पकडतं. असं होतं कधीकधी. पण आपल्या गावात असली ट्रीटमेंट कुठे देतात? म्हणजे कोणीतरी घेऊन आलंय. ते कोण हे कळेपर्यंत मला 'कारण अज्ञात' असंच लिहावं लागणार."

गल्लीच्या गटारांचं पाणी टाकीतून गाळून एका जाड पाइपाने समुद्रात जायचं. त्या पाइपाचं तोंड बाकड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्या पाइपाकडे पाठ करूनच तो टेकत असे, वासामुळे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दोनदा पाणी सोड, दोनदा सोड, हे रोज त्यानेच तर सांगितलं होतं.

"बघू," तो म्हणाला, आणि पिशव्या धुवायला निघून गेला.

'कारण अज्ञात' हे दोन शब्द कार्यालयातून बाहेर कसे पडले देव जाणे. दोन दिवसांत ते गावातल्या प्रत्येक फोनवर होते, आणि प्रत्येक फोनवर थोडे फुगत गेले. समुद्रात किरणोत्सर्ग. वीज केंद्र फुटलंय आणि लपवताहेत. मासे खाऊ नका. पाहणी केंद्राने पत्रक काढलं, की घाबरण्याचं कारण नाही. ते वाचून जे घाबरले नव्हते तेही घाबरले. बाजारात मासे पडून राहू लागले. बर्फ वितळून ओट्यांवरून पाणी वाहायचं आणि त्या पाण्यालाही लोक ओलांडून जायचे. होडीवाल्यांनी म्हशीचा विनोद बंद केला. आता गवत्या खडकांवर उतरला की ते नुसते बघत उभे राहायचे, आणि हे त्या विनोदापेक्षा फार वाईट होतं.

मॅडमनी दर चार दिवसांनी कापणी लावली, शिवाय किनाऱ्याने सरकत सरकत नव्या जागाही घ्यायच्या ठरवल्या. "जिकडे वाढत जाईल तिकडे जायचं," त्या म्हणाल्या. "सापडेल." सापडणारच होतं. पाइप सापडणार, पाइपावरून गल्ली, आणि गल्लीत महिनाभर बंद असलेलं एकच घर. घरी ती दारापलीकडून विचारायची, "आज गप्प का?" तो म्हणायचा, "गुडघा."

आणि मग त्याने ते केलं. पुढच्या कापणीला तो बाकड्यापर्यंत गेला, सुरी काढली, आणि बाकड्यावरचं शेवाळ न कापता टेकाडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला. तिथे उघडा समुद्र, पाइपाचं पाणी पोचत नाही. तिथलं शेवाळ कापलं, तिथल्याच पाण्यात धुतलं, पिशवीत भरलं आणि पिशवीवर बाकड्याचा आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच त्याला नवल वाटलं. इतकी वर्षं या माणसाने गुडघाभर पाण्यात उभं राहूनही जागा हातभर हलवली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला बोलावलं नाही. स्वतः उठून पिशव्या धुवायच्या ओट्यापाशी आल्या.

"काका, ओहोटी आहे. बाकड्यावर जाऊ या."

दोघं खडकांवरून चालत गेले. मॅडमचे बूट या कामाचे नव्हते, त्या दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा त्याने हात दिला. बाकड्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "काल कुठून कापलंत ते दाखवा."

त्याने बाकड्याकडे बोट केलं. बाकड्यावर ताज्या कापाची एकही खूण नव्हती. शेवाळ लाटेबरोबर डुलत होतं, भरघोस.

"कालच्या डब्यात काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "शून्य. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, मग निम्म्याचं निम्मं. ते हळूहळू जातं. असं अंगावरचं झुरळ झटकल्यासारखं जात नाही. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

नको होतं. भट्टीशेजारच्या भिंतीवर तो निम्म्याच्या निम्म्याचा तक्ता त्यानेच टाचण्या मारून लावला होता. पण घाबरलेल्या माणसाला एवढंच सुचतं, की नाहीसं करायचं तर पूर्ण नाहीसं करावं.

"काका, आजवर तुम्ही मला सगळे निकाल शून्याचे आणून दिलेत. त्या सगळ्यांवर मी आता विश्वास ठेवायचा की नाही, एवढं फक्त सांगा."

एवढा बोल त्याला नोकरीत कोणी लावला नव्हता. तो बाकड्यावर बसला. आणि मग त्याने सांगितलं; गाठ, डोस, नसलेल्या भाचीचं बाळंतपण, मागची खोली, दोनदा सोडलेलं पाणी. सांगताना तो रडला नाही, त्याला तेवढा जोर नव्हता. मॅडम ओल्या खडकावर त्याच्या शेजारी बसल्या.

"ती म्हणते दारं लावतील," तो म्हणाला. "आणि लावतील हो. मी ओळखतो ना त्यांना."

मॅडमनी बुटात शिरलेलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाल्या, "कालचा डबा मी रद्द करते. आधीच्या निकालांवर माझा विश्वास आहे. इतकं वाईट खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढी वर्षं ते जमलं नसतं." त्याला हसू यायला हवं होतं. "वहिनींचं नाव मला कुठेच लिहायचं नाही. पण इस्पितळाकडून डोसची तारीख आणि मात्रा मिळाली तर हे कुठून आलं ते मी ठामपणे सांगू शकते. त्यांची परवानगी असेल तरच इस्पितळ देईल. तुम्ही विचारा. नाही म्हणाल्या तर माझं 'अज्ञात' राहील. मी तुमच्या घराकडे बोट दाखवणार नाही."

निघताना त्याने सुरी काढली आणि बाकड्यावरचं शेवाळ कापलं, नेहमीच्या जागेवरून. हातात मोजे होते. ओल्या पट्ट्या मोज्यांवरून घसरत होत्या आणि त्याच्या मनात आलं, की इतक्या दिवसांत आपल्या हाताला तिचं म्हणून जे काही लागलं ते एवढंच.

घरी पोचला तर तिचा भाऊ पुढच्या खोलीत उभा. कुलूप नुसतं अडकवलेलं असायचं, ते त्याला माहीत होतं. अंगाला बर्फाचा आणि माशांचा वास, डोळे तांबारलेले.

"या भावोजी, या," तो म्हणाला. "बायको माहेरपणाला नाही, नणंदेकडे. तुम्ही मजेत. मी काय करू सांगा? आज टोपली जशीच्या तशी खड्ड्यात पुरून आलो. पोराएवढे मासे!"

"दादा, हळू बोला."

"का हळू? वीज केंद्राने घाण सोडायची, तुम्ही तिच्यावर अज्ञात म्हणून पांघरूण घालायचं, आणि मी हळू बोलायचं? माझ्या बहिणीचा नवरा म्हणून बाजारात लोक माझ्याकडे बघतात. म्हणतात, तुझा भावोजीच त्यांचं मीठ खातो."

"वीज केंद्राचं नाहीये ते."

"मग कोणाचं? सांगा ना! आयोडीन काय आकाशातून पडलं?"

गवत्याला आधी बायकोला विचारायचं होतं. तिला न विचारता तो एक शब्द बोलणार नव्हता, भावाने गचांडी धरली असती तरी. पण विचारायची वेळच आली नाही. मागच्या खोलीची कडी वाजली.

ती दारात उभी होती. महिन्याभरात अर्धी झालेली, केस विस्कटलेले, गळ्यावर टाक्यांची आडवी रेघ. एवढं शपथ घालून लपवलेलं, ते तिने स्वतःच दार उघडून बाहेर काढलं.

"दादा, तिथेच उभा राहा," ती म्हणाली. "जवळ येऊ नकोस. ते आयोडीन माझं आहे."

भाऊ आधी तिच्या गळ्याकडे बघत राहिला. मग आयोडीन त्याच्या लक्षातून गेलं, मासे गेले, सगळं गेलं. "काय झालं गं तुला?" तो म्हणाला आणि पुढे सरकला.

"सरकू नको म्हटलं ना! कॅन्सर होता, काढला. औषध दिलंय, ते अंगातून जातंय आणि तुझ्या समुद्रात पडतंय. दाराआड बसून ऐकत होते मी सगळं." मग ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे हाच तुमचा गुडघा."

भाऊ मटकन खाली बसला आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. तिला त्याच्याजवळ जाता येत नव्हतं. तिने चौकट धरून ठेवली होती, बोटं पांढरी झाली होती. गवत्या दोघांच्या मध्ये उभा. एकाला पाणी द्यावं की दुसरीला खुर्ची, हे त्याला सुचेना.

"मला सांगितलं असतंस तर," भाऊ म्हणाला.

"तर तू मासे पाठवायचे बंद केले असतेस आणि मांजरं उपाशी मेली असती," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाजारात सांग. माझं नाव घेऊन सांग. नुसतं एक पेशंट म्हणालास तर बाजारातल्या बाया म्हणतील आणखी एक थाप. माझं नाव ऐकून विश्वास ठेवतील. त्यांची लेकरं मी वाढवलीयेत."

"अगं, पण पाळणाघर..." गवत्या म्हणाला.

"ऐकलंत ना, टोपली खड्ड्यात पुरली म्हणून? माझ्यामुळे." तिने दार लोटून घेतलं. आतून आवाज आला, "परवानगीचं काय ते कागद आणा. सही करते." म्हणजे तेही तिने आधीच ओळखलं होतं, किंवा इस्पितळाच्या कागदांची तिला सवय झाली होती.

पुढचं सगळं भराभर झालं. इस्पितळाने तारीख दिली, ती जुळली. मॅडमनी पत्रकात लिहिलं, की हे वैद्यकीय उपचारातलं आयोडीन आहे, वीज केंद्राचा संबंध नाही, मासे खाण्यात धोका नाही. पत्रकावर कोणी विश्वास ठेवला नसता. पण मासेवाल्याने ओट्यावर उभं राहून सांगितलं, की ती माझी सख्खी बहीण आहे, आणि सगळ्यांसमोर आपल्याच टोपलीतला मासा तळून खाल्ला. आठवड्याभरात बाजार पूर्ववत झाला. होडीवाले मात्र म्हशीबद्दल काही विचारेनात. एकजण खडकांपर्यंत आला आणि म्हणाला, "वहिनींना बरं आहे ना?" गवत्याने मान हलवली. त्याला म्हैसच बरी वाटली असती.

बाकड्याचं टोक दर कापणीला खाली येत गेलं. मॅडमच्या तक्त्यात जसं यायला हवं तसं, निम्म्याचं निम्मं. तो घरी येऊन दारापलीकडे सांगायचा, "आज आणखी कमी." ती म्हणायची, "जातेय म्हणजे मी हळूहळू." गोळ्या सुरू झाल्या, आवाजात थोडा जीव आला. मग डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं, की आता लहान मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही. तिने गल्लीत प्रत्येक आईला निरोप पाठवला, सोमवारपासून पाळणाघर सुरू. डॉक्टरांचं पत्रही दाराला लावलं.

त्या सोमवारी सकाळीच ओहोटी होती. गवत्या खडकांवर जाऊन केंद्रात आला तेव्हा आदल्या कापणीचा निकाल आलेला होता. मॅडमनी पडदा त्याच्याकडे वळवला. रेघ सपाट. त्यांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा, घरी सांगून या." तो या वयातही अर्धा पळतच गेला. गुडघा म्हणजे काय हेसुद्धा त्याला आठवलं नाही.

दार उघडं होतं. पुढच्या खोलीत सगळ्या छोट्या सतरंज्या घातलेल्या होत्या, कोपरे नीट जुळवून, दोन सतरंज्यांमध्ये पाय टाकण्यापुरती जागा सोडून. प्रत्येकीवर एक खेळणं ठेवलेलं. मधोमध ती बसली होती, केस विंचरलेले, अंगात धुतलेला कपडा, गळ्याभोवती ओढणी. खोलीत एकही मूल नव्हतं. समोरच्या घरातलं पोर, ज्याला तिने चालायला शिकवलं, ते आपल्या आईच्या कडेवर बसून गल्लीतून चाललं होतं. त्याने मावशीकडे बघून हात हलवला. आईने त्याचा हात खाली केला आणि ती भरभर पुढे गेली, दुसऱ्या गल्लीच्या दिशेने.

गवत्या दारात थांबला.

"काय आलं?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "सपाट. पूर्ण गेलं."

ती सतरंज्यांकडे बघत राहिली. "तुमच्या एवढ्या मोठ्या यंत्राला मी दिसेनाशी झाले," ती म्हणाली. "आणि यांना अजून दिसतेच आहे."

तो आत आला. एका सतरंजीवरचं खेळणं उचलून बाजूला ठेवलं आणि कण्हत कुथत तिच्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लावून. सतरंजी त्याला मांडीपुरतीसुद्धा पुरली नाही. ती त्याच्या अंगावर रेलली, पूर्ण भार टाकून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिचं वजन फार कमी झालं होतं.

"दार लावू?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून सकाळच आहे."